दुसरी ओळ कोणी खोडली?

"मी विसरत नाहीये, एवढं सिद्ध करून द्या," आलेल्या बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. "आणि विसरत असेन, तर तेही तोंडावर सांगा. सोमवारी मला राजीनामा द्यायचाय."

मास्तरांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. राजीनामा द्यायला माणूस साहेबाकडे जातो, फार तर वकिलाकडे जातो. खासगी तपास करणाऱ्या बाईकडे कशाला येईल?

टेबलापलीकडे टाचणी उभी होती. बसणं तिच्या प्रकृतीला मानवत नसे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. विमा कंपनीत असताना खोटे दावे हुडकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि अंगाने बारीक, टोचायला कायम तयार, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं ते चिकटलं ते चिकटलंच.

मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. देह दणकट, मन साधं. वरच्या मजल्यावर मुला-सुनेकडे राहायचे, दिवसभर करमायचं नाही, म्हणून खाली टाचणीच्या ऑफिसात येऊन बसायचे. बसता बसता तपासाला जायला लागले.

"काम काय करता?" टाचणीने विचारलं.

"भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देते."

"आणि आता स्वतःच भुलायला लागलात," मास्तर बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हॉस्पिटलात माझ्या पाठीमागे हाच विनोद चाललाय. तुम्ही निदान तोंडावर केलात."

त्यांनी पर्समधून फोन काढला, पिशवीतून लॅपटॉप काढला, मनगटावरचं घड्याळ सोडून शेजारी ठेवलं. मग फोन पुन्हा उचलला, बघितला, ठेवला.

"हॉस्पिटलात एक कॉम्प्युटर आहे, तोही यालाच जोडलेला. टिपणाची एकच वही समजा, चार ठिकाणी उघडणारी. एकीकडे लिहिलं की सगळीकडे दिसतं. पेशंट, मुलीची शाळा, वडिलांच्या गोळ्या, गॅस कधी बदलला, नवऱ्याच्या चष्म्याचा नंबर, कामवाल्या बाईंची सुट्टी. घरातल्या प्रत्येकाचं सगळं माझ्याकडे. हे नसेल तर मी नाही."

"आणि यातून गोष्टी जातात?"

"जातात. लिहिल्याचं आठवतं, बघावं तर नाही. मग वाटतं, लिहिलंच नसेल." त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या आईला विस्मरणाचा आजार होता. माझ्याच वयात सुरू झाला. आधी किल्ल्या विसरायची, मग माणसांची नावं, मग आम्हालाच विसरली."

मास्तरांच्या मनगटावर काहीतरी थरथरलं. सुनेने बांधलेलं घड्याळ त्यांना पाणी प्यायला सांगत होतं. त्यांनी ते बाहीत लपवलं.

"राजीनामा देण्यासारखं काय घडलं?" टाचणीने विचारलं.

"एके दिवशी दोन हर्निया होते. एक आमच्या हॉस्पिटलात, एक पुलापलीकडच्या छोट्या दवाखान्यात. टिपणात मी पेशंटचं नाव लिहीत नाही. नियम आहे माझा. फोन कुठे पडला तर लोकांची दुखणी चव्हाट्यावर नकोत. म्हणून दोन सारख्या ओळी लिहिल्या. 'हर्निया. उपाशी ठेवणे.' आणि खाली पुन्हा तेच. त्या दिवशी सकाळी बघते, तर एकच ओळ."

"मग?"

"मग एक केस केली आणि पुढच्या कामाला लागले. दवाखान्याचे फोन आले तेव्हा मी ऑपरेशनमध्ये, फोन बाहेर. तिकडे एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून उपाशी. त्यात मधुमेह. संध्याकाळी चक्कर येऊन पडले, कपाळ फुटलं. वाचले ते. पुढचा वाचेलच असं नाही ना! भूल देणाऱ्याने विसरायचं म्हणजे काय, कळतंय का तुम्हाला?"

टाचणी खिडकीपाशी जाऊन परत आली. "बाकी काय काय गेलं? गेलेली गोष्ट एकदाच लिहिलेली होती, की दोनदा?"

हा प्रश्न मास्तरांना अगदीच बिनकामाचा वाटला. डॉक्टरीणबाई मात्र विचारात पडल्या. "मुलीच्या सहलीचं दोनदा लिहिलं होतं. एक त्या दिवशी, आणि खाली एक आदल्या दिवशी आठवायला. आदल्या दिवशीचं गेलं. वडिलांच्या रक्ततपासणीचंही तसंच. पण हल्ली मी सगळंच दोनदा लिहिते हो. धास्तीच बसलीय."

"पासवर्ड बदललात?"

"बदलला की. फोन विचारत होता, बाकी सगळीकडून बाहेर काढू का म्हणून. मी नको म्हटलं. पुन्हा एकेका यंत्रात पासवर्ड भरत कोण बसणार? तरीही गोष्टी जातच राहिल्या. म्हणजे बाहेरचं कोणी नाही. मीच."

"जोडलेली यंत्रं किती?"

"फोन, लॅपटॉप, घड्याळ, हॉस्पिटलचा कॉम्प्युटर. एवढीच."

टाचणीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि मास्तरांना खूण केली. पडद्यावरच्या ओळी मास्तरांनी शाळेतल्या सवयीने मोठ्याने वाचल्या. "'डाव्या हाताची शीर सापडत नाही. उजवा हात घेणे.' 'गुडघा. अर्धी भूल', आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह. अर्धी भूल म्हणजे काय हो?"

"कमरेखालचा भाग बधिर करायचा. आम्ही सगळे तसंच म्हणतो."

"मग प्रश्नचिन्ह कशाला?"

"मीच टाकलं असणार. काय शंका आली होती, तेही आठवत नाही."

खाली राजीनाम्याचा मसुदा होता. 'स्मरणशक्ती दगा देत असल्यामुळे' या शब्दांपुढेही कंसात तसंच प्रश्नचिन्ह बसलं होतं.

"हेही तुम्हीच?"

डॉक्टरीणबाईंनी नुसतेच खांदे पाडले.

टाचणीने एक कोरा कागद पुढे सरकवला. "ते हाताच्या शिरेचं वाक्य लिहा बघू."

डॉक्टरीणबाईंनी भराभर लिहिलं: 'डाव्या हाताची शिर सापडत नाही.' टाचणीने कागद बघितला, घडी केली, खिशात टाकला. अक्षरावरून स्वभाव ओळखायचा असेल, अशी मास्तरांनी आपली समजूत करून घेतली.

हॉस्पिटलमधली, डॉक्टरीणबाईंच्या हाताखालची धाकटी डॉक्टर वयाने तिशीच्या आतबाहेर होती. डॉक्टरीणबाई गेल्या तर विभाग तिच्याकडेच येणार, हे तिथल्या शिपायानेसुद्धा मास्तरांना सांगून टाकलं होतं.

"मॅडमचा कॉम्प्युटर कायम उघडा असतो," ती सरळ म्हणाली. "मी वाचलीत त्यांची टिपणं. कोण नाही वाचत? उद्याच्या केसेस त्यातच लवकर कळतात."

"काही पुसलंत कधी?"

"मी?" ती लाल झाली. "त्यांची जागा मला हवीय, आणि मी ते लपवतही नाही. पण अशी नकोय. त्यांनी मला शिकवलंय."

"'हर्निया. उपाशी ठेवणे' अशा दोन ओळी दिसल्या तर तुम्ही काय समजाल?"

"दोन पेशंट. दुसरं काय समजणार?" प्रश्नच वेडगळ असल्यासारखं तिने टाचणीकडे बघितलं.

"आणि अर्धी भूल?"

"कमरेखालची. ते तर वॉर्डातल्या मावशीही सांगतील."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "तोंडाने गोड आहे. मला नाही पटत. जागा हवी म्हणते, कॉम्प्युटर उघडा म्हणते, आणि वर साळसूदपणा."

"मास्तर, घड्याळ थरथरतंय तुमचं."

"उभे राहा म्हणतंय मेलं. उभाच आहे की मी!"

डॉक्टरीणबाईंच्या घराच्या फाटकाला एक पुठ्ठा टांगलेला होता: 'येथे गाडी लाऊ नये.' त्यातल्या 'ऊ'वर पेन्सिलीची बारीक तिरकी रेघ होती आणि वरच्या बाजूला टोकदार अक्षरात 'वू' लिहिलेला.

"मी लिहिलाय पुठ्ठा," फाटक उघडत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गल्लीतली पोरं गिरगटतात काहीबाही."

"टोक छान काढलंय पोरांनी पेन्सिलीला," टाचणी म्हणाली आणि आत शिरली.

नवरा इमारतींचे नकाशे काढायचा आणि घरूनच काम करायचा. त्याच्या टेबलावर दोन पडदे, एक फोन आणि तीन थंडगार कप होते.

"नोकरी सोड, असं मी म्हणालो तिला," त्याने आपणहून सांगून टाकलं. "एकदा नाही, दहादा म्हणालो. जेवताना फोन, आंघोळीला जाताना फोन. झोपेत दचकून उठते आणि काहीतरी लिहिते. बायको आहे की चौकशीची खिडकी, तेच कळेना झालंय."

"पासवर्ड माहीत आहे तुम्हाला?"

"जुना माहीत होता, नवाही आहे. शाळेच्या सूचना बघायला लागतात ना. पण त्यात लिहीत मी काही नाही. मराठी अक्षरं टाइप करायला लागलो तर एका ओळीला माझा जन्म जाईल." त्याने फोन पुढे केला. बायकोला धाडलेले त्याचे सगळे निरोप इंग्रजी अक्षरांतून मराठी असेच होते.

"घरात अजून कोण?"

"मुलगी आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे गेलीय सुट्टीत. आणि वर हिचे वडील. हिची आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात."

"वडिलांकडे फोन?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाबांना त्यातलं काही कळत नाही. छापखान्यात जन्म गेला त्यांचा. आता सकाळपासून पेपर वाचत बसतात, तेवढाच विरंगुळा."

वरच्या खोलीत वडील खिडकीजवळ टेबलाशी बसले होते. स्वच्छ सदरा, नाकाच्या टोकावर चष्मा, कानावर पेन्सिल. पेपर होता, पण कागदाचा नव्हता. वीतभर लांबीची चपटी काचेची पाटी पुस्तकासारखी उभी करून ते त्यावर पेपर वाचत होते. मास्तरांना कौतुक वाटलं. छापखान्यात यंत्र फिरवून हात काळे केलेला माणूस, आणि या वयात बोटाने पानं उलटतोय!

"मुलीची काळजी वाटते का हो?" मास्तरांनी विचारलं.

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "घाई फार करते. बोलण्यात घाई, जेवण्यात घाई. लिहिते तीसुद्धा घाईत." मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "बरी आहे ना ती? तुम्हाला काय वाटतं?"

"उत्तम आहेत," मास्तर म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं?

"तुमचा दिवस कसा जातो?" टाचणीने विचारलं.

"न्याहारी झाली की कामाला बसतो. काम आहे तोवर माणूस टिकतो," वडील म्हणाले आणि पुन्हा काचेकडे वळले.

जिना उतरताना मास्तरांना भरून आलं. निवृत्त माणूस पेपर वाचण्याला काम म्हणतो, हे दुःख त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"माझं ठरलं," रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले. "धाकटी डॉक्टर. तिचाच फायदा. एकेक ओळ उडवायची, मॅडमला वेड लावायचं आणि जागा घ्यायची."

"आणि शीर?"

"कसली शीर?"

"पडद्यावर शीर दीर्घ होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर ऱ्हस्व लिहिली. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. विभाग बळकावायला निघालेली बाई वेलांट्या नीट करत बसेल?"

"फोन आपोआप करतो तसलं. माझा फोन मी 'सून' लिहिलं की त्याचं 'ऊन' करतो."

"लिहितानाच करतो. लिहून झालेल्या मजकुरात मागाहून दोन शब्दांपुढे प्रश्नचिन्ह नाही टाकत." टाचणीने चालण्याचा वेग वाढवला. "सगळ्यात जास्त मला ती प्रश्नचिन्हंच खुपताहेत, मास्तर. ज्याला वाईट करायचंय, तो कधी विचारतो का, की हे बरोबर आहे ना म्हणून?"

मास्तरांनी खूप विचार केला. घड्याळ तेवढ्यात त्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांगू लागलं, आणि विचार तिथेच राहिला.

रविवारी न्याहारीनंतर सगळे डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यात जमले. टाचणीच्या सांगण्यावरून प्रत्येकाने आपलं यंत्र जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आणि घड्याळ, नवऱ्याचा फोन, धाकट्या डॉक्टरचा फोन. नवऱ्याच्या टेबलावरचे पडदे बंद होते. हॉस्पिटलचा कॉम्प्युटर मास्तरांनी स्वतः बंद करवून त्या खोलीची किल्ली खिशात घातली होती, आणि दर थोड्या वेळाने ते खिसा चाचपत होते. लॅपटॉप तेवढा उघडा, सगळ्यांना दिसेल असा.

"माझा राजीनामा तयार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे रात्रभर जागल्याचं सांगत होते. "जे काय असेल ते लवकर बोला. मला आता हे सहन होत नाही."

"बोलते." टाचणी टेबलाभोवती फिरू लागली. "तुमच्या वहीत तीन प्रकार होत होते. एक, दोनदा लिहिलेली गोष्ट एकदाच राहायची. तुम्ही म्हणालात, सगळंच दोनदा लिहिते. खरं ना? पण एकदा लिहिलेलं एकही टिपण गेलेलं तुम्हाला सांगता आलं नाही. जो कोणी होता, तो मजकूर पळवत नव्हता. दुसऱ्यांदा आलेला मजकूर काढत होता."

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"सांगते. दोन, चुकीचं शुद्धलेखन बरोबर व्हायचं. कागदावरची शिर पडद्यावर शीर झाली होती. तीन, जिथे अर्थ लागायचा नाही तिथे प्रश्नचिन्ह. आता असा माणूस शोधा. ज्याचं मराठी पक्कं आहे, पण ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही. धाकट्या डॉक्टर त्यात बसत नाहीत. दोन हर्निया म्हणजे दोन पेशंट, हे त्यांना झोपेतही कळतं, आणि अर्ध्या भुलीवर त्या प्रश्नचिन्ह टाकणार नाहीत."

धाकट्या डॉक्टरने मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघू लागले.

"यजमानही नाहीत. ते मराठी अक्षरं लिहीतच नाहीत, वेलांटी सुधारणं तर दूरच. आणि डॉक्टर स्वतःही नाहीत. आपलं मुळातच चुकणारं शुद्धलेखन कोणी विसराळूपणाने सुधारत नाही! विस्मरणाने माणसाची 'शीर' दीर्घ होत नाही, बाई."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. हसू की रडू, मास्तरांना कळलं नाही.

"मग राहिलं कोण?" नवरा म्हणाला. "घरात तर..."

"आधी बघू या, मग बोलू. डॉक्टर, लॅपटॉपवर मी सांगते ते, अगदी सांगते तसंच लिहा."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. पडद्यावर तीन ओळी उमटल्या.

'भूलीची औषधे आणने.'

'भूलीची औषधे आणने.'

'शिर नीट बघणे.'

"आता सगळ्यांनी हात टेबलावर ठेवा. कोणी कशाला शिवू नका."

सगळे पडद्याकडे बघत राहिले. काही होईना. नवऱ्याचा पाय टेबलाखाली हलत होता. कोणाचा तरी फोन गुरगुरला आणि सगळेच दचकले, पण कोणी उचलला नाही. मास्तरांना वाटलं, झालं, आज बाईंची फजिती.

आणि दुसरी ओळ शेवटाकडून पुसली जायला लागली. 'आणने' गेलं. 'औषधे' गेलं. पूर्ण ओळ गेली.

"अरे देवा!" धाकटी डॉक्टर म्हणाली.

मग पहिल्या ओळीतला 'भू' पुसला गेला आणि तिथे 'भु' आला. 'ने'चा 'णे' झाला. थोडा वेळ सगळं थांबलं. मग 'शि'ची 'शी' झाली. टेबलावरचा एकही हात हलला नव्हता.

डोक्यावरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

डॉक्टरीणबाईंनी हळूहळू मान वर केली. "बाबा?"

"छापखान्यात यंत्र फिरवणारेच असतात असं मास्तरांना वाटलं," टाचणी म्हणाली. " पण छापण्याआधी मजकूर वाचून चुका काढणाराही एक जण असतो. प्रूफ तपासणारा. कानावर पेन्सिल कशाला ठेवतो काचेवर पेपर वाचणारा माणूस? फाटकावरचा 'लाऊ' कोणाला खुपला? पोरं गिरगटतात, ती चूक खोडून वर नेमकं अक्षर नाही लिहीत. आणि ते आम्हाला म्हणाले, मुलगी लिहिते तीसुद्धा घाईत. तुम्ही काय लिहिता, हे त्यांना कुठून दिसतं?"

"पण ती पाटी... ती तर नुसती पेपर वाचायला आहे!"

"तुमच्या लेखी तो बाबांचा पेपर झाला, म्हणून यंत्रांत तुम्ही ती मोजलीच नाहीत. आधी कोणाची होती?"

"माझी," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "माझीच जुनी. माझ्याच नावाने उघडलेली."

"आणि पासवर्ड बदलताना सगळीकडून बाहेर काढू का, असं फोनने विचारलं, तेव्हा तुम्ही नको म्हणालात. थकलेला माणूस हेच म्हणतो. पेपर असो की वही, दोनदा आलेली ओळ दिसली की त्यांचा हात आपोआप चालतो. जन्मभर तेच केलंय त्यांनी. नाव नसलेल्या दोन सारख्या ओळी म्हणजे दोन जिवंत माणसं, हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता."

"पण का? त्यांनी माझ्या वहीत हात घालावाच का?"

"ते मला माहीत नाही," टाचणी म्हणाली, आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसली. "ते तुम्ही विचारायचं."

डॉक्टरीणबाई जिन्याकडे धावल्या. पाचव्या-सहाव्या पायरीवर थांबल्या आणि वळून मास्तरांना म्हणाल्या, "तुम्ही या ना बरोबर." का म्हणाल्या, देव जाणे. मास्तर गेले.

"आलीस?" वडिलांनी चष्म्यावरून बघितलं. "आज फारच चुका गं. भुलीचा भू ऱ्हस्व होतो, शाळेत असल्यापासून सांगतोय तुला."

"बाबा, हे काम कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? तूच. आई गेली त्या पंधरवड्यात. ही पाटी हातात दिलीस आणि म्हणालीस, बाबा, असे बसून राहू नका, माझं लिहिलेलं तपासत जा."

डॉक्टरीणबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मास्तरांनी नजर वळवली.

"विसरले," त्या म्हणाल्या. "बाबा, मी विसरले हो."

"कामात असतेस. मला वाटलंच." वडिलांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "कसं चाललंय म्हणून तू कधी विचारलं नाहीस. म्हटलं, विचारेल सवडीने. फक्त ते राजीनाम्याचं पान आलं, तेव्हा... त्यात एकही चूक नव्हती बघ. तरी मी प्रश्नचिन्ह टाकलं. उत्तर येईना. वाटलं, हिलाही आईसारखं झालं की काय. जिना उतरून विचारायचा धीर होईना."

"मला काही झालेलं नाही, बाबा."

"नक्की?"

"अगदी नक्की."

वडिलांनी डोळे मिटले. किती तरी दिवसांनी पाठ टेकल्यासारखे ते खुर्चीत मागे रेलले. त्यांना तसं बघून मास्तरांना वाटलं, आता हिने इथेच थांबावं, पुढचं सांगूच नये. पण ती डॉक्टर होती. ती वडिलांपुढे खाली जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. दोन सारख्या ओळी, त्यातली एक पुलापलीकडच्या माणसाची.

"दोन माणसं होती?" वडिलांनी विचारलं. "एकच ओळ दोनदा आलेली नव्हती?"

"दोन माणसं."

"मग दुसऱ्याचं काय झालं?"

"दिवसभर उपाशी राहिले. चक्कर येऊन पडले. कपाळाला लागलं. आता बरे आहेत."

वडिलांनी पाटी पालथी घातली, उठले आणि खुंटीवरचा कोट काढला.

"कुठे निघालात?"

"त्यांच्याकडे. आमच्या हातून चूक छापली गेली, तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचो आम्ही. हे छापून भागणारं नाही. मीच जायला हवं."

"बाबा, तुमची नाही चूक. मी नावं लिहीत नाही, मी पासवर्ड..."

"कोणाची किती, ते वाटेत ठरवू." कोटाची बाही त्यांना सापडत नव्हती. तिने उठून ती धरली आणि त्यांचा हात आत घातला. "नाव काय त्या गृहस्थांचं?"

तिने नाव सांगितलं. मग आडनाव, गल्ली, घर, त्या घरी कोण कोण असतं आणि दार उघडायला कोण येतं, तेही सांगितलं. तिची यंत्रं खाली टेबलावर होती, आणि पाटी पालथी. तिने कुठेही न बघता सांगितलं.